नऊ टॅबांची सावड

आमच्या शाळेत रेंज येत नाही. ती मिळते ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या एका वळणाला, जिथून धरणाचं पाणी मोकळं दिसतं तिथं. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या तिथं थांबतात, माणसं पाण्याकडं पाठ करून स्वतःचे फोटो काढतात, भाजलेली कणसं खातात आणि पाला तिथंच टाकून जातात. इतर पाच दिवस ते वळण माझं असतं. शाळा सुटली की मी भरे गावाला, घरी निघते, वळणावर स्कूटी कडेला लावते आणि दिवसभराची माहिती वर पाठवते. किती मुलं आली, किती जेवली, जंताच्या गोळ्या कुणाकुणाला दिल्या, झाडं किती लावली आणि त्यातली किती जगली. झाडांचं मी बरेचदा अंदाजानं ठोकून देते. मुलांचं मात्र कधी खोटं पाठवलं नव्हतं. एकदाच पाठवलं, त्याची ही गोष्ट.

शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढं व्हरांडा, मागं स्वयंपाकाची शेड. पहिली-दुसरी गुरुजींकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. गुरुजी निवृत्तीला आलेले. मोबाइलचा विषय निघाला की ते चष्मा काढून पुसायला लागतात आणि म्हणतात, "बाई, ते तुमचं खातं." माझ्या दोन वर्गांत मिळून नऊ मुलं, सगळी आजूबाजूच्या वाड्यांतली. कुणाचा बाप रिसॉर्टवर माळी, कुणाची आई तिथंच भांड्यांवर. कुणाच्या घरी अजून चार खाचरं भात आहे, तर कुणाचं रान कुंपणाच्या आत गेलंय आणि बाप त्याच कुंपणावर वॉचमन आहे.

गेल्या वर्षी जूनमध्ये एका संस्थेनं आम्हाला नऊ टॅब दिले. दिलेले कुठल्याशा कंपनीनं, चालवणार संस्था. त्याआधी शहरात एका थंडगार हॉलमध्ये आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. असल्या प्रशिक्षणात माझा पारा चढायला वेळ लागत नाही. ज्यानं उभ्या जन्मात एका खोलीत दोन वर्ग सांभाळले नाहीत असा मुलगा आपल्याला मूल समजून घ्यायला सांगतो, आणि पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या बायांनी ते वहीत उतरवून घ्यायचं. पण त्या मुलाचं एक वाक्य मला आवडलं, खोटं कशाला बोलू. तो म्हणाला, हा टॅब मुलाच्या पायानं चालतो. मूल जिथं असेल तिथून सुरू करतो आणि ते पुढं गेलं की पुढं सरकतो. मी वहीत तेवढंच वाक्य लिहिलं. मनात माझ्या वर्गातली एक मुलगी होती.

ती चौथीत आली होती आणि तिला वाचता येत नव्हतं. डोक्यानं कमी होती असं मुळीच नाही. पहिली-दुसरीची दोन वर्षं ती आईबापाबरोबर बंगल्यांच्या बांधकामांवर फिरली होती. एका डोंगरावरचं काम संपलं की दुसऱ्या डोंगरावर. पुढं बाप कामासाठी लांब गेला आणि त्याचं येणं कमी होत गेलं. आईला धरणाकाठच्या एका रिसॉर्टवर चादरी धुण्याचं काम लागलं, तेव्हा ही माझ्याकडं तिसरीत आली. पाढे घडाघडा म्हणायची. एकदा ऐकलेली गोष्ट आठवड्यानंतर जशीच्या तशी सांगायची, वर स्वतःच्या पदरची दोन वाक्यं घालून. पण पुस्तक उघडलं की तिची नजर खिडकीबाहेर जायची. वर्षभर मी तिच्या मागं लागले. पण माझ्यात चिकाटी कमी, हे मला माहीत आहे. 'क'ला काना 'का' हे पाचव्यांदा सांगताना माझा आवाज चढतो. आवाज चढला की ती मिटून बसायची, आणि मग दिवसभर तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही.

टॅबचा आवाज चढत नव्हता. प्रत्येक टॅबवर एकेका मुलाचा फोटो होता, फोटोवर बोट ठेवलं की त्या मुलाचा अभ्यास सुरू. पहिल्याच दिवशी पाऊण तासात टॅबनं ओळखलं की हिला पंधरा-वीस अक्षरं येतात. त्याच्या पुढचं एक मोठं अक्षर त्यानं पडद्यावर आणलं आणि आतली बाई गोड आवाजात ते म्हणाली. हिनं ते बोटानं गिरवलं. चुकलं. आतली बाई पुन्हा म्हणाली, तितक्याच गोडीनं. पुन्हा चुकलं, पुन्हा म्हणाली. ही प्रत्येक वेळी तिला "व्हय" म्हणून उत्तर द्यायची, समोर माणूस बसल्यासारखं. दोन-तीन दिवसांनी मला येऊन म्हणाली, "बाई, ही आतली बाई लई चांगली हाय. चिडतच न्हाई."

वर्ग हसला. मीही हसले. जरा लागलंच मनाला, पण त्याहून जास्त आनंद झाला, कारण हे ती मान वर करून म्हणाली होती.

टॅबच्या जोडीला संस्थेची एक ताई यायची. बारावी झालेली, पौडकडची, चोविशीची पोरगी. आठवड्यातून तीन दिवस सकाळच्या एसटीनं उतरायची आणि व्हरांड्यात हिला घेऊन बसायची. टॅबवर ज्या मुलाचं वाचन लाल दिसेल त्याच्यासाठी ताई, असा संस्थेचा नियम होता. माझ्या वर्गात एकच लाल, ती ही. ताईची पद्धत साधी होती. स्वतः वाचायचं, पण बोट मुलीचं धरायचं आणि अक्षराखालून हळूहळू सरकवायचं. एरवी मधल्या सुट्टीत बाकीची आठ पोरंही तिच्याभोवती जमायची, तिच्या बांगड्या मोजायची, तिच्याकडून गोष्टी वाचून घ्यायची. तीन आठवड्यांत हिला सगळी मुळाक्षरं आली. काना आला. एक दिवस फळ्यावरचा 'पाऊस' तिनं न विचारता वाचला आणि मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले.

मग लावणी आली.

लावणीच्या दिवसांत आमच्या भागात सावड चालते. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या खाचरात रोप लावायचं, उद्या माझ्या, परवा तिच्या. कुणी कुणाला आवतण देत नाही आणि कुणी आभार मानत नाही. ज्याच्या घरात माणसं कमी त्याचं खाचर आधी, कारण रोपाचे दिवस गेले तर त्याला दुसरी सोय नसते. पोरंही उतरतात. ती शाळेत येतात ती कानामागं चिखल घेऊन, आणि पेन्सिल धरताना त्यांची बोटं पाण्यानं पांढरी पडलेली दिसतात. त्या वर्षी हिच्या घराला स्वतःचं खाचर नव्हतंच. तरी ती रोज सगळ्यांच्या खाचरांत गेली होती. हात असा चालायचा तिचा, की मोठ्या बायका तिला मुद्दाम आपल्या शेजारच्या ओळीत घ्यायच्या.

नेमकी त्याच आठवड्यात टॅबवरची चाचणी लागली. कुठल्या तरी शहरात कुणी तरी ठरवलं, तीन दिवसांची मुदत. मी मुलांना टॅब वाटले, आपापला सोडवा म्हणून सांगितलं आणि व्हरांड्यात जाऊन खिचडीची माहिती भरायला बसले, कारण तीही त्याच दिवशी हवी होती. थोड्या वेळानं वर्ग फार शहाण्यासारखा शांत वाटायला लागला. मी डोकावले. आठ टॅब कडेला रचून ठेवलेले आणि नऊ डोकी एका टॅबवर. मधोमध ती बसली होती, टॅब तिच्या मांडीवर. माझ्या वर्गात एक मुकादमीण आहे, चौथीतलीच, आवाज तिच्या उंचीच्या दुप्पट. ती प्रश्न मोठ्यानं वाचत होती, दुसरी उत्तर शोधत होती, तिसरा बोटानं दाबत होता.

"काय चाललंय?"

"सावड," मुकादमीण मान वर न करता म्हणाली.

"टॅबची?"

"व्हय. आदी हिचा, मंग आमचे. ही आमच्या समद्यांच्यात लावणीला आल्ती बाई. हिचं खाचर न्हाई. मंग आमी हिचं काय लावायचं?"

आता इथं मी रागावायला हवं होतं. मी बाई आहे, चाचणी ही ज्याची त्यानं द्यायची असते, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण ती मधे बसलेली पोर इतकी खुशीत होती! आयुष्यात पहिल्यांदा तिच्या घरच्या कामाला सगळं गाव आलं होतं. शिवाय खरं सांगायचं तर मी दमले होते. पाऊस, स्कूटी, खिचडी, माहिती. आणि अगदी तळाशी, ज्याची मला आजही लाज वाटते, असंही आलं मनात, की आपल्या वर्गाचा निकाल एकदा तरी चांगला दिसेल. मी म्हटलं, "आवाज कमी करा," आणि परत माझ्या खिचडीकडं गेले.

संध्याकाळी वळणावर मी टॉवेलात गुंडाळून आणलेले नऊ टॅब सोडले. भुरभुर पाऊस होता, एका हातात छत्री. नऊ फोटोंभोवती नऊ हिरवी वर्तुळं होती. तिच्या फोटोभोवतीचंही हिरवं. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. पाठवायचं नाही असं ठरवलं असतं तर नसतं गेलं. रेंज नव्हती म्हणून सांगता आलं असतं, तेवढं तर आमच्याकडं कुणीही मान्य करतं. मी 'पाठवा' दाबलं नऊ वेळा.

पंधरा दिवसांनी अभिनंदनाचा निरोप आला आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ताई यायची बंद झाली. तिचा मला फोन आला, आवाज पडलेला. "बाई, तुमच्याकडं कुणी लाल नाही ना आता. मला मुठ्याच्या बाजूची शाळा दिलीय." मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता माझ्या हातात काही नाही हो बाई. मलाही त्यांनी टॅबवरच सांगितलंय."

टॅबनं दुसरी गोष्ट केली ती माझ्या ध्यानात यायला आठवडा गेला. मुलगी टॅब उघडायची आणि लगेच मिटून ठेवायची. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा कळलं. टॅबला आता वाटत होतं की हिला वाचता येतं. त्यानं तिच्यापुढं उतारे मांडले होते, एकेक पडदाभर, जोडाक्षरांनी भरलेले. ज्याला वाचता येतं त्याला वाचून दाखवायची गरज काय, म्हणून आतली बाईही बंद झाली होती. नुसती बारीक अक्षरं आणि खाली चार पर्याय.

"ती माज्याशी बोलत न्हाई आता," ती म्हणाली. "मी काय केलं बाई?"

तिनं काय केलं होतं ते तिला कसं सांगायचं? मी टॅब हातात घेतला आणि मागं जायची वाट शोधली. सगळीकडं बोटं लावली. पुढं जायला बाण होता, मागं जायला नव्हता.

मी संस्थेला फोन केले. मग रजा टाकून त्यांच्या ऑफिसात गेले. काचेची इमारत, खाली नाव लिहून घेणारा वॉचमन आणि वर एक अतिशय विनयशील मुलगी. तिनं मला पाणी दिलं, चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं. भांडायला गेलं आणि समोरचं माणूस चांगलं निघालं की फार पंचाईत होते. तिनं संगणक माझ्याकडं वळवून आमच्या पोरीच्या वाचनाची रेघ दाखवली. जूनमध्ये तळाला, जुलैत एकदम वर.

"किती छान प्रगती आहे, मॅडम."

"ती तिची नाही. नऊ जणांची आहे."

तिला पटलं. तिनं मला दोन रस्ते सांगितले. एक, गैरप्रकार झाला अशी नोंद करायची, म्हणजे शाळेचे नऊच्या नऊ टॅब परत जाणार आणि पुढं चौकशी. दुसरा, मार्चच्या चाचणीपर्यंत थांबायचं. मी विचारलं, नुसतं तिला एकटीला मागच्या पायरीवर नाही का आणता येणार? नव्यानं तिचं नाव घालू का? ती म्हणाली, नाव पटावरच्या नंबराला जोडलेलं आहे. "आणि मॅडम, मागं आणायची सोयच नाही. शिकलेलं मूल मागं जात नाही, असं धरून सगळं बनवलंय."

बाकीची आठ मुलं त्या टॅबवर आपापल्या पायानं चालली होती. मुकादमीण तर पाचवीची गणितं सोडवायला लागली होती. एकीसाठी आठ जणांच्या हातातलं काढून घ्यायचा धीर मला झाला नाही. मी मार्चपर्यंत थांबते म्हणाले आणि चहाचा कप स्वतः आत नेऊन ठेवला.

मधल्या महिन्यांत मी तिला शिकवलं नाही असं नाही. ताईसारखं तिचं बोट धरून बसायची. पण दहा मिनिटं झाली की दुसऱ्या वर्गाचा गलका, नाही तर कुणी तरी माहिती मागायला दारात. शाळा सुटल्यावर बसावं, तर रिसॉर्टचा टेम्पो बायकांना घरी सोडायला निघायचा. तो शाळेपुढं थांबून हिला तिच्या आईबरोबर घ्यायचा आणि थांबणं म्हणजे दोन हॉर्न. त्यांची वस्ती चार किलोमीटर आत, दुसरं वाहन नाही. दिवाळीनंतर एकदा मी तिच्यावर ओरडले. तेच अक्षर, सातव्यांदा. ती मिटून गेली. मग मला माझाच इतका राग आला, की मी मुलांना मैदानावर सोडलं आणि शेडमध्ये जाऊन तांदूळ निवडत बसले. जे एक यंत्र आणि एक बारावी झालेली पोरगी मिळून करत होती, ते पंचवीस वर्षांच्या नोकरीला जमत नव्हतं.

मार्चची चाचणी आली तेव्हा मी शहाणी झाले होते, निदान मला तसं वाटत होतं. मी नऊ जणांना नऊ ठिकाणी बसवलं. चार वर्गाच्या चार कोपऱ्यांत, दोघं व्हरांड्यात, दोघं शेडमध्ये, आणि तिला माझ्या टेबलाजवळ. त्याआधी सगळ्यांना गोल बसवून खरं काय ते सांगितलं. मुलांना कारण सांगितलं की ती ऐकतात, हा माझा जुना विश्वास.

"कुणीही तिला मदत करायची नाही. तिला जेवढं येतं तेवढंच दिसू दे. तिचं लाल आलं की ताई परत येईल."

मुकादमिणीनं विचारलं, "फकस्त हिच्यासाठी यील?"

"जो नापास त्याच्यासाठी."

त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि ती मुकाट्यानं आपापल्या जागी गेली. मला त्यांचा अभिमान वाटला. वीस मिनिटांत सगळ्यांचं झालंसुद्धा. तिला मात्र पाऊण तास लागला. एकेका शब्दाखालून बोट सरकवत होती, ओठ हलत होते, कपाळावर घाम. मी मान वळवून बसले. कारण तिनं माझ्याकडं पाहिलं असतं तर मी सांगून टाकलं असतं.

संध्याकाळी वळणावर टॅब उघडले तर नऊच्या नऊ लाल.

आधी मला कळेना. मग कळलं आणि मी तिथं एकटीच मोठ्यानं हसले. शनिवारसाठी गाडा लावायला आलेला कणसंवाला बघायला लागला. पोरांनी पुन्हा सावड केली होती! ताई नापासांसाठी येते ना, मग सगळेच नापास होऊ, म्हणजे ती नक्की येईल आणि सगळ्यांसाठी येईल. एकटीला लाल कशाला ठेवायची. हसता हसता माझे डोळे भरून आले. मग मला वाटलं, असेना का. नऊ लाल बघून तरी कुणी येईल. मी 'पाठवा' दाबलं, पुन्हा नऊ वेळा, या खेपेला न थांबता.

चौथ्या दिवशी निरोप आला. सगळ्या मुलांचा निकाल एकाच वेळी इतका खाली येणं शक्य नसल्यानं यंत्रात बिघाड आहे असं धरलं गेलं होतं. मार्चची चाचणी रद्द, जुलैचा निकाल कायम. मी फोन केला, पुन्हा चाचणी घ्या म्हटलं. मुदत संपली होती. पुढच्या आठवड्यात एक माणूस आला, नऊही टॅब तपासून गेला आणि जाताना म्हणाला, टॅब तर एकदम चांगले आहेत.

मुलं रोज सकाळी एसटीच्या आवाजाला व्हरांड्यात जायची. आठवड्यानं मुकादमीण माझ्या टेबलाशी आली. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "आमी समदे नापास झालो की बाई. मंग ताई का न्हाई आली?"

 मला रागावता आलं नाही. त्यांनी काय वाईट केलं होतं? आणि ती, जिच्यासाठी हे सगळं, मागून म्हणाली, "मी खरंखरं केलं व्हतं बाई. धा बरुबर आल्ती माजी." तिची दहा खरंच बरोबर होती. कुणाच्याही मदतीशिवाय आलेली दहा उत्तरं, नवांतला एकच खरा लाल. तो बाकीच्या आठांबरोबर पुसला गेला होता.

शेवटच्या दिवशी संस्थेकडून पाकीट आलं. नऊ प्रमाणपत्रं, जाड कागदाची, कडेला सोनेरी वेलबुट्टी. मी ती वाटली. दुसरं काय करणार? चौथीची मुलं जूनमध्ये पौडच्या मोठ्या शाळेत जाणार होती. तिथं वर्गात पन्नास मुलं आणि तिच्या दाखल्यासोबत हा कागद. तो बघून तिथले सर तिला पहिल्या दिवशी उभं करून धडा वाचायला सांगतील, हे मला दिसत होतं. मी त्या सरांच्या नावे एक चिठ्ठी लिहून तिच्या दप्तरात ठेवली. चिठ्ठीला किती किंमत मिळेल तेही मला ठाऊक होतं.

शाळा सुटली. बाकीची पांगली. ती टेम्पोची वाट बघत पायरीवर बसली होती, कागद दोन्ही हातांत धरून. मी शेजारी बसले.

"बाई, काय लिवलंय ह्याच्यावर?"

सांगून टाकावंसं वाटलं. मग मी तिचं बोट धरलं, ताई धरायची तसं, आणि पहिल्या ओळीखाली ठेवलं. तिचं नाव तिनं ओळखलं. मी बोट पुढं सरकवलं. ती थांबली, ओठ हलले. "वा," ती म्हणाली. मी बोट सरकवलं. "वा... च... न." आणि एकदम माझ्याकडं वळली. "वाचन! बाई, वाचन लिवलंय!"

"बरोबर. पुढं?"

पुढचा शब्द जोडाक्षरांचा होता. ताई तिथवर पोचलीच नव्हती. ती त्या अक्षराकडं बघत राहिली, बोट दोनदा पुढं नेलं, दोनदा मागं आणलं. माझा आवाज या वेळी चढला नाही. मी म्हटलं, "सावकाश. आपल्याला वेळ आहे." तेवढ्यात रस्त्यावर टेम्पोचे दोन हॉर्न वाजले.

तिनं कागद घडी न घालता जपून दप्तरात सरकवला आणि उठली.

"ऱ्हायलेलं उद्या वाचू, बाई," ती म्हणाली आणि पळाली.

उद्यापासून सुट्टी होती, आणि जूनमध्ये ती माझ्या पटावर नव्हती.